एकाच आकड्याचे चार अर्थ

सेट-टॉप बॉक्सचा किंवा राउटरचा अ‍ॅडॉप्टर बंद पडला की बहुतेक घरांत तो थेट कचऱ्यात जातो. टाकण्याआधी एकदा उघडून पाहावा. बऱ्यापैकी दर्जाचा असेल, तर वीज जिथून आत येते तिथेच एक चपटी निळी चकती उभी दिसते. सेंटिमीटरभर व्यास, दोन पाय आणि अंगावर छापलेलं ‘१०डी४७१के’. बोर्डच्या मध्यावर आणखी एक निळी चकती असते. पाय दोनच, रंग तोच, आकारही जवळपास तोच. पहिली चकती लाइनमधून येणारं जादा व्होल्टेज अंगावर घेते. दुसरीवर आपला जीव अवलंबून असतो. दोघींची अदलाबदल झाली, तर अ‍ॅडॉप्टर कदाचित सुरूही होईल, आणि तेच सगळ्यांत धोक्याचं आहे.

उघडण्यापूर्वी एक ताकीद. प्लग काढल्यावरही आतला मोठा नळकांड्यासारखा कपॅसिटर भरलेला असू शकतो. २३० व्होल्टच्या एसीचं डीसी झालं की त्याच्या दोन पायांमध्ये सुमारे ३२५ व्होल्ट साठतात. तिथे आधी मीटर लावून व्होल्टेज उतरल्याची खात्री करायची, मगच बोर्डला हात लावायचा. पेचकस आडवा टाकून ठिणगी काढण्याची जुनी सवय सोडलेली बरी. ट्रॅक जळतात आणि डोळ्यांत ठिणगी उडते ती वेगळीच.

अनोळखी भाग ओळखायचा, तर माझा क्रम ठरलेला आहे. आधी तो कुठे बसलाय ते बघायचं, मग अंगावर काय छापलंय ते वाचायचं आणि मीटर शेवटी. आपल्याकडे बरेच जण सुरुवातच मीटरने करतात आणि फसतात. का फसतात, ते या ‘४७१’वरूनच कळेल.

वाचायची पद्धत सोपी आहे. पहिले दोन अंक जसेच्या तसे, तिसरा अंक म्हणजे पुढे किती शून्यं. म्हणजे ४७१ झाले ४७०. पण ४७० काय? सिरॅमिक कपॅसिटरवर असेल तर ४७० पिकोफॅरड. बोर्डला चिकटलेल्या बारीक काळ्या रेझिस्टरवर असेल तर ४७० ओहम. कॉइलवर असेल तर ४७० मायक्रोहेन्री. आणि आपल्या पहिल्या निळ्या चकतीवर, ४७० व्होल्ट. आकडा एकच, पण एकक छापलेलं नसतं. ते कळतं भागाच्या जागेवरून.

ती पहिली चकती म्हणजे व्हॅरिस्टर, कारागिरांच्या भाषेत एमओव्ही. नावातला ‘१०’ म्हणजे दहा मिलिमीटर व्यास, शेवटचा ‘के’ म्हणजे दहा टक्के इकडे-तिकडे. आत झिंक ऑक्साइडचे दाबून भाजलेले कण असतात. जपानच्या मात्सुशिता कंपनीतल्या मिचिओ मात्सुओका यांनी या पदार्थाच्या वागणुकीवर १९७१ साली शोधनिबंध प्रसिद्ध केला आणि त्यानंतर हा भाग जगभर पसरला. नेहमीच्या व्होल्टेजला तो वीज जाऊच देत नाही, जणू तिथे काही नाहीच. ४७०च्या आसपास गेलं की मात्र एकदम वाहू लागतो आणि वीज कडाडल्यावर लाइनमध्ये येणारा क्षणभराचा झटका गिळतो. क्षणभराचाच. खांबावरचा न्यूट्रल तुटला आणि घरातलं व्होल्टेज ४००च्या दिशेने चढलं, म्हणजे एसीचं शिखर सतत ४७०च्याही वर जाऊ लागलं, की हा भाग तापतो, तडकतो, शॉर्ट होतो आणि फ्यूज उडवतो. एकाच चाळीत एका दुपारी पाच-सहा घरांतली उपकरणं बंद पडतात, तेव्हा उघडून बघा, बहुतेकांत हीच चकती काळी झालेली असते. फ्यूज बदलून पुन्हा उडाला, तर आधी तिच्याकडे बघायचं. काढून टाकली तरी अ‍ॅडॉप्टर चालतो, पण पुढच्या झटक्याला आडवं यायला कुणी उरत नाही.

आता मीटरची गंमत. व्हॅरिस्टर ओहमवर मोजला तर मीटर काहीच दाखवत नाही, कपॅसिटरही तसंच करतो. म्हणून कुणी कपॅसिटन्सवर मोजायला जातो, तर काही शे पिकोफॅरड दिसतात. अंगावर ४७१ आहेच. झालं, ‘हा ४७० पिकोफॅरडचा कपॅसिटर’ असं ठरवून माणूस मोकळा होतो. मीटर खोटं बोललेला नाही, व्हॅरिस्टरमध्ये तेवढी कपॅसिटन्स खरोखरच असते. पण जी चकती फ्यूजच्या लगेच पुढे, दोन लाइनींच्या मध्ये आडवी बसली आहे, तिथे साध्या ४७० पिकोफॅरडचं काय काम, हा प्रश्न आधी पडायला हवा होता.

तिच्या शेजारी आणखी एक चकती असू शकते, बहुधा काळी किंवा गडद हिरवी, ‘१०डी-९’ छापलेली. इथे मात्र ‘१०’ म्हणजे थंड असतानाचे दहा ओहम आणि ‘९’ म्हणजे मिलिमीटरमध्ये व्यास. व्हॅरिस्टरवरच्या मजकुराच्या नेमकं उलट! हा एनटीसी थर्मिस्टर. प्लग लावताना मोठा कपॅसिटर रिकामा असतो आणि तो भसकन करंट ओढतो. थर्मिस्टर वाटेत उभा राहून ती ओढ आवरतो, मग स्वतः तापतो आणि त्याचा रेझिस्टन्स जवळजवळ नाहीसा होतो. म्हणूनच उपकरण बंद करून लगेच चालू करू नये. तो अजून गरम असतो, अडवू शकत नाही.

आता बोर्ड उलटा करा. तांब्याच्या ट्रॅकमध्ये एक मोकळा पट्टा आडवा गेलेला दिसेल, कधी त्यात चीरही कापलेली असते. ही या बोर्डची लक्ष्मणरेषा. एका बाजूला थेट खांबावरून आलेली वीज, दुसऱ्या बाजूला आपल्या हातात येणारे बारा व्होल्ट. तारेने ही रेषा ओलांडायची नाही, असा नियम आहे. तरीही ओलांडणारे दोन-तीनच भाग सापडतील, आणि ते कोण हे या रेषेवरूनच ओळखता येतं.

पहिला ट्रान्सफॉर्मर, तो उघडच दिसतो. दुसरी आपली मध्यावरची निळी चकती, वाय कपॅसिटर. तिच्यावर ‘२२२’, म्हणजे २२०० पिकोफॅरड, सोबत ‘वाय१’ आणि निरनिराळ्या देशांच्या मान्यतेची बारीक चिन्हं दाटीवाटीने छापलेली असतात. ट्रान्सफॉर्मरमधून पलीकडे गेलेला खरखरीचा करंट परत फिरावा म्हणून ही वाट ठेवलेली असते. मेन्सचे पन्नास हर्ट्झही तिच्यातून पाझरतात, पण हिशेब केला तर जेमतेम ०.१६ मिलिअँपिअर. अर्थिंग नसलेल्या लॅपटॉपच्या धातूच्या अंगावरून बोट फिरवताना जी बारीक मुंगीसारखी जाणीव होते, ती याचीच. वाय१ कपॅसिटर शॉर्ट होऊ नये अशा बेताने बनवलेला आणि कित्येक हजार व्होल्टच्या धक्क्याला तपासलेला असतो. त्याच्या जागी दोन रुपयांचा साधा सिरॅमिक लावला, तर आकडा जुळेल, अ‍ॅडॉप्टर चालेल आणि ज्या दिवशी तो शॉर्ट होईल त्या दिवशी बारा व्होल्टच्या पिनेवर २३० व्होल्ट येतील. अशी दुरुस्ती कुणी ‘चलता है’ म्हणून केली, की मला मनापासून राग येतो.

रेषा ओलांडणारा तिसरा भाग काळा, चौकोनी, चार पायांचा, बहुधा ‘८१७’ छापलेला. आत एका बाजूला चिमुकला एलईडी आणि समोर प्रकाश पाहून वाहणारा ट्रान्झिस्टर. दोघांमध्ये तार नाही, निरोप प्रकाशाने जातो. हा ऑप्टोकपलर. त्याच्या शेजारी बारा व्होल्टच्या बाजूला एक तीन पायांचा काळा भाग उभा असतो, हुबेहूब शाळेच्या प्रयोगवहीतला बीसी५४७. नवशिका त्याला ट्रान्झिस्टर समजून तपासतो, रीडिंग विचित्र येतं आणि ‘उडालाय’ म्हणून काढून फेकतो. अंगावर ‘४३१’ वाचलं असतं तर कळलं असतं की हा टीएल४३१ आहे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९७७ साली आणलेला हा भाग स्वतःपाशी अडीच व्होल्टचं पक्कं माप बाळगतो. आउटपुटचा ठरावीक हिस्सा त्या मापाशी सतत ताडून बघतो. जास्त झाला की ऑप्टोकपलरचा एलईडी उजळवतो, रेषेपलीकडची नियंत्रक आयसी ते पाहते आणि हात आखडता घेते. तुमच्या राउटरला दिवसभर नेमके बारा व्होल्ट मिळतात ते या जोडीमुळे. हा संवाद पहिल्यांदा समजला, तेव्हा मला त्या हिरव्या बोर्डबद्दल जो आदर वाटला तो आजही आहे.

खरा ट्रान्झिस्टर सापडला तरी पायांचा क्रम गृहीत धरू नये. सपाट बाजू आपल्याकडे, पाय खाली धरले तर बीसी५४७चे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. २एन३९०४चे एमिटर, बेस, कलेक्टर. आणि ‘सी१८१५’ म्हणून छापलेल्या जपानी भागाचे एमिटर, कलेक्टर, बेस. त्याचं पूर्ण नाव २एससी१८१५, जपानी भागांवर पुढचं ‘२एस’ छापतच नाहीत. डेटाशीट शोधताना ते आपण जोडायचं.

रेझिस्टरचे पट्टे शाळेत पाठ केलेले असतातच. पण तपकिरी, लाल आणि नारिंगी यांत घोळ होतो, तेव्हा एक युक्ती कामी येते. दहा टक्क्यांवाल्या मापांत सहसा १०, १२, १५, १८, २२, २७, ३३, ३९, ४७, ५६, ६८, ८२ एवढ्याच जोड्या येतात. उत्तर ७४ आलं, तर टोक चुकलंय किंवा रंग. एकच काळा पट्टा असेल तर तो शून्य ओहमचा, म्हणजे रेझिस्टरच्या रूपातली नुसती तार. आणि वीज शिरते तिथला रेझिस्टर बऱ्याचदा फ्यूजचंही काम करतो. तो जळाला तर तसाच, ज्वाळा न धरणारा घ्यायचा.

पडद्यावर भागाचं चित्र काढून देणारे स्वस्त टेस्टर आता सर्रास मिळतात. सुट्या ट्रान्झिस्टरचे पाय शोधायला ते उत्तम आहेत, पण पाच व्होल्टवर चालणाऱ्या टेस्टरला ४७० व्होल्टला जागा होणारा व्हॅरिस्टर कळणार तरी कसा? शिवाय भरलेला कपॅसिटर लावलात, तर टेस्टरच संपतो.

पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला भाग आणायला जाल, तेव्हा जळका तुकडा पुडीत बांधून नेऊ नका, अख्खा बोर्ड न्या. तुकड्यावरचा मजकूर जळालेला असतो, पण जागा बोर्डवर शाबूत असते आणि बाजूला वाय कपॅसिटरसाठी ‘सीवाय’, व्हॅरिस्टरसाठी ‘आरव्ही’ अशी अक्षरंही छापलेली असतात. जाणता दुकानदार आधी तेच बघतो, ‘कुठून काढला?’ विचारतो. वाय१ कपॅसिटरच्या जागी त्याने हजार व्होल्टचा साधा ‘२२२’ पुढे केला, तर परत द्या आणि वाय१ लिहिलेलाच मागा. नसेल त्याच्याकडे, तर दहा पावलांवर दुसरं दुकान आहेच.