ओढ्यातला राक्षस

पावसाळा सरला की सह्याद्रीच्या पायथ्याचे ओढे निवळतात, तळाचे गोटे दिसू लागतात. दिवाळीच्या सुट्टीत अशाच एका ओढ्यावर घरातली मुले घेऊन गेले होते. सोबत चहाची गाळणी आणि एक पांढरी थाळी. काठाला साचलेले पाणी पाचोळ्यासकट थाळीत घेतले. डासांच्या अळ्या वळवळत होत्या आणि कोपऱ्यात एक मातकट, सहा पायांचा किडा निवांत बसला होता. अळी जवळ येताच त्याने दुमडलेला खालचा ओठ हातासारखा बाहेर फेकला आणि तिला पकडले!

"आत्या, हा राक्षस आहे. फेकून दे त्याला!" धाकटी भाची ओरडली.

तो 'राक्षस' म्हणजे चतुराचे पिल्लू. पंख फुटण्याआधीचे सारे आयुष्य ते पाण्यातच काढते. त्याला मासे खातात, माशांवर खंड्या, विरोळा आणि पाणमांजर टपलेले असतात. मग यात वाईट कोण?

घरी आल्यावर आम्ही एक खेळ मांडला. तुम्हीही मांडून पाहा. वीस चिंचोके म्हणजे अळ्या, चार गोट्या म्हणजे मासे. दर डावाला चिंचोके दुप्पट करायचे आणि प्रत्येक गोटीने पाच खायचे. वीसाचे चाळीस होतात, वीस खाल्ले जातात, पुन्हा वीस उरतात. कितीही डाव खेळा, हिशेब तोच! आता दोन गोट्या उचला. तीन डावांत चिंचोके नव्वद होतात. उलट, दोन गोट्या वाढवा. पहिल्या डावानंतर दहाच चिंचोके उरतात, दुसऱ्यात मासे उपाशी. जास्त खाणारेही नकोत, कमीही नकोत, हे मुलांना भाषणाशिवाय कळते. खरा ओढा इतका काटेकोर नसतो. तिथे संख्या झोक्यासारखी खालीवर होत राहते. पण झोका तुटत नाही.

तो तोडतो आपण. मासे पटकन हाती लागावेत म्हणून डोहात ब्लीचिंग पावडर किंवा कीटकनाशक ओतले जाते. मासे मरतात, चतुराची पिल्लेही मरतात. डासाची पिढी उबदार पाण्यात आठ-दहा दिवसांत पुरी होते. चतुराला कित्येक आठवडे लागतात, काही जातींना वर्षाहूनही अधिक. मासे तर चढणीच्या वेळी, पुढच्या पावसात, खालून वर येतील तेव्हा. म्हणजे विष ओसरल्यावर पहिले परततात ते डास, आणि त्यांना खाणारे सर्वांत शेवटी!

हीच चूक आपण बेडकांच्या बाबतीतही केली होती. पिकावरचे किडे खाणारे हे बेडूक पायांच्या निर्यातीसाठी लाखांनी मारले जात. अखेर १९८७ साली भारताने ही निर्यात बंद केली. जो खातो तो शत्रू किंवा विकाऊ माल, एवढेच मोठ्यांना दिसते. मुलांना त्यापलीकडचे दाखवता येते, आणि त्यासाठी एक गाळणी पुरते.

एक पथ्य मात्र पाळा. उलटलेला दगड पुन्हा तसाच ठेवा आणि थाळीतले पाणी जिथून घेतले तिथेच सोडा. आमची थाळी त्या दिवशी भाचीने रिकामी केली होती. तेव्हा तिची भीती गेलेली नव्हती, पण खेळ संपल्यावर तिने विचारले, "आत्या, आपला राक्षस आता जेवला असेल का गं?"