अमेरिकेत ट्रॅफिक तिकीट मिळाले तर : काउंटी कोर्टातील नोंद कशी शोधावी, प्रकरण कसे मिटवावे

राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर, काही जण बँकेचे कर्ज काढून, आपल्या समाजातील मुले-मुली आता अमेरिकेतील विद्यापीठांत शिकायला जात आहेत. न्यूयॉर्क, शिकागोसारखी मोजकी शहरे सोडली तर तिथे गाडीशिवाय भाजी आणणेही अवघड. मग चार जण मिळून एखादी जुनी गाडी घेतात. एक दिवस मागे लाल-निळे दिवे लागतात, पोलीस खिडकीशी येऊन एक कागद हातात देतो. या कागदाचे पुढे काय करायचे, हे आम्हाला बरेच तरुण विचारतात. म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहोत.

आधी आपल्या सवयीबद्दल. महाराष्ट्रात ई-चलान मोबाईलवर येते. आपण ते बघतो आणि ठेवून देतो. लोकअदालत लागेल तेव्हा तडजोडीत कमी होईल, हा अनुभव अनेकांना आहे. तीच सवय तिकडे नेली की घात होतो. अमेरिकेत पोलिसाने दिलेले तिकीट हाच बहुतेक ठिकाणी कोर्टातील तक्रारीचा कागद असतो. त्यावर कोर्टाचे नाव असते, तिकीट क्रमांक असतो, कायद्याचे कलम असते आणि उत्तर देण्याची किंवा हजर राहण्याची तारीख असते. पोलीस सही मागतो ती बहुतेक राज्यांत फक्त ‘मी हजर राहीन’ एवढीच असते, गुन्ह्याची कबुली नसते. त्यामुळे सहीवरून वाद घालू नये. ती तारीख मात्र त्याच दिवशी लिहून ठेवावी.

काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. पण ‘काउंटी कोर्टात जा’ एवढे सांगून भागत नाही, कारण प्रत्येक राज्याची रीत वेगळी आहे. कॅलिफोर्नियात तिकीट त्या काउंटीच्या सुपिरिअर कोर्टात जाते. फ्लोरिडात काउंटीच्या कोर्ट क्लार्ककडे जाते आणि दंड भरायचा, वाहतूक शिक्षणाचा वर्ग करायचा की सुनावणी मागायची, हे ३० दिवसांत ठरवावे लागते. टेक्सासमध्ये शहर पोलिसाचे तिकीट शहराच्या म्युनिसिपल कोर्टात, तर राज्य पोलीस किंवा काउंटीच्या शेरीफच्या माणसाने दिलेले जस्टिस ऑफ द पीस कोर्टात. न्यूयॉर्क शहरात साधी वाहतूक तिकिटे कोर्टात जातच नाहीत, वाहन खात्याच्या स्वतंत्र ब्युरोकडे जातात. आणि सुट्टीत फिरायला गेलेल्यांसाठी : राष्ट्रीय उद्यानात तिकीट मिळाले तर ते संघराज्य सरकारचे प्रकरण असते, काउंटीच्या वेबसाइटवर कितीही शोधले तरी सापडणार नाही.

तिकीट हरवले असेल, तरी नोंद शोधता येते. काउंटीच्या कोर्ट क्लार्कच्या अधिकृत संकेतस्थळावर तिकीट क्रमांक, लायसन्स क्रमांक किंवा नाव आणि जन्मतारीख टाकून शोध घेता येतो. मिसुरीत ‘केस-नेट’, मेरीलँडमध्ये ‘केस सर्च’ अशी संपूर्ण राज्याची मोफत सोय आहे. जिथे ऑनलाइन सोय नाही तिथे क्लार्कच्या कार्यालयात फोन करावा. क्लार्क कायदेशीर सल्ला देत नाही, पण प्रकरण क्रमांक, तारीख आणि रक्कम सांगतो. गुगलवर वरच्या बाजूला दिसणारी, पैसे घेऊन ‘रेकॉर्ड’ दाखवणारी खासगी संकेतस्थळे टाळावीत. मोबाईलवर आलेल्या ‘दंड बाकी आहे, इथे भरा’ या संदेशांवर तर अजिबात बोट लावू नये, अशा नावाने फसवणूक खूप चालते.

आपल्या नावांचा घोळ इथे नक्की होतो. पासपोर्टवर वडिलांचे नाव मधे असते, ते कधी आडनावाच्या रकान्यात जाते. कांबळे, गायकवाड, वाघमारे ही आडनावे इंग्रजीत दोन-तीन प्रकारे लिहिली जातात, एखादा ‘ए’ कमी, एखादा जास्त. पासपोर्टवर आडनावच नसेल तर व्हिसावर नावाच्या जागी ‘एफएनयू’ म्हणजे ‘पहिले नाव अज्ञात’ अशी अक्षरे येतात आणि पुढे सगळीकडे तीच चिकटतात. म्हणून नावाने काही सापडले नाही तर सगळी स्पेलिंग टाकून, नाव-आडनाव उलटे करून पाहावे. तरीही नोंद दिसली नाही, तर तिकीट रद्द झाले असे समजू नये. पोलिसाकडून कागद कोर्टात पोहोचून नोंद व्हायला काही दिवस, कधी काही आठवडे जातात. तारीख जवळ येईपर्यंत दर आठवड्याला बघत राहावे आणि मग फोन करून विचारावे. स्पेलिंग चुकलेले आढळले तर क्लार्कला लेखी कळवावे. त्याचे महत्त्व पुढे येईलच.

नोंद सापडली की घाईने कार्ड काढून दंड भरू नये. बहुतेक ठिकाणी दंड भरणे म्हणजे दोष मान्य करणे. मग लायसन्सवर पॉइंट लागतात, विम्याचा हप्ता वाढतो. टेक्सासमध्ये पात्र चालकाला वर्षातून एकदा सुरक्षित वाहनचालनाचा वर्ग करून तिकीट रद्द करून घेता येते, पण ती मागणी हजर राहण्याच्या तारखेपर्यंत करावी लागते. कॅलिफोर्नियात कोर्टात न जाता लेखी म्हणणे मांडून तिकिटाला आव्हान देता येते आणि दुभाषाही मोफत मागता येतो. कलम नीट वाचणे सर्वांत महत्त्वाचे. कॅलिफोर्नियात वेगमर्यादा ओलांडणे हा साधा नियमभंग आहे, पण व्हर्जिनियात मर्यादेपेक्षा ताशी २० मैल वा त्याहून जास्त किंवा ताशी ८५ मैलांपुढे गाडी गेली तर तो बेदरकारपणाचा फौजदारी गुन्हा ठरतो आणि त्याला १२ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. दोन्हीकडे हातात येणारा कागद जवळपास सारखाच दिसतो. दारू पिऊन गाडी चालवणे हा तर वेगळाच विषय, नुसत्या अटकेवरूनही व्हिसा रद्द होऊ शकतो. अशा प्रकरणात वकिलाशिवाय एक पाऊलही टाकू नये.

पैसे नसतील तर? हा प्रश्न अमेरिकेत फक्त परदेशी विद्यार्थ्यांचा नाही. मिसुरीतील सेंट लुईस काउंटीमधल्या फर्ग्युसन शहराबद्दल तिथल्या केंद्रीय न्याय खात्याचा अहवाल मार्च २०१५ मध्ये आला. सुमारे २१,००० वस्तीच्या या शहरात कोर्टाने १६,००० हून अधिक लोकांवर वॉरंट काढून ठेवली होती. कृष्णवर्णीय लोकसंख्या ६७ टक्के, पण अटक झालेल्यांत ते ९३ टक्के. एका कृष्णवर्णीय महिलेला २००७ मध्ये चुकीच्या जागी गाडी लावल्याबद्दल १५१ डॉलर आणि वर शुल्क एवढा दंड झाला. तिला तो भरता आला नाही, तारखा चुकल्या, दंडावर दंड चढला. दोनदा अटक, सहा दिवस तुरुंग. सात वर्षांत ५५० डॉलर भरूनही तिच्या नावावर ५४१ डॉलर बाकीच होते. शहराची तिजोरी भरण्यासाठी गरीब वस्तीतून दंड वसूल करायचा, हे तिथले धोरणच होते, असे अहवाल स्पष्ट म्हणतो. समाजशास्त्र शिकताना ‘गुन्हेगार ठरवण्याची प्रक्रिया’ हा धडा आम्ही पुस्तकात वाचला होता, या अहवालात त्याचा हिशेबच पाहायला मिळाला. आपल्या वस्त्यांत पोलिसांची गाडी कशी थांबते हे माहीत असलेल्याला यात नवल वाटणार नाही.

याच संदर्भात एक हक्क लक्षात ठेवावा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये बेअर्डन विरुद्ध जॉर्जिया या खटल्यात सांगितले की दंड भरण्याची ऐपत आहे का, हे तपासल्याशिवाय केवळ दंड थकला म्हणून माणसाला तुरुंगात टाकता येत नाही. ऐपत नसेल तर कोर्टासमोर तसे सांगून हप्ते, मुदत किंवा समाजसेवेचे तास मागता येतात. कॅलिफोर्नियात ‘मायसायटेशन्स’ या अधिकृत साधनावर दंड कमी करण्याचा अर्ज घरबसल्या करता येतो. पण हे सारे तारखेच्या आत मागणाऱ्यालाच सोपे जाते. तारीख चुकली की अनेक राज्यांत लायसन्स थांबते, काही ठिकाणी वॉरंट निघते आणि मग बोलणी कठीण होतात.

प्रकरण मिटल्यावरही एक काम उरते, आणि तेच सर्वाधिक विसरले जाते. क्लार्ककडून अंतिम निकालाची शिक्क्याची प्रमाणित नक्कल घ्यावी. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने गुन्हेविषयक माहितीसाठ्याशी नावे जुळवून अनेक परदेशी विद्यार्थ्यांच्या ‘सेविस’ नोंदी अचानक बंद केल्या. त्यांत काहींच्या नावे केवळ किरकोळ वाहतूक प्रकरणे होती, काहींची प्रकरणे कोर्टाने आधीच निकाली काढलेली होती. विद्यार्थी कोर्टात गेले आणि महिनाअखेर सरकारने नोंदी पूर्ववत करायला सुरुवात केली. दाव्यात स्वतःची बाजू मांडायला हाच शिक्क्याचा कागद लागतो. नावाच्या स्पेलिंगचा आग्रह आम्ही धरतो तो यासाठीच. पुढे नागरिकत्वाच्या अर्जातही पोलिसांशी आलेल्या संबंधाविषयी प्रश्न असतो. अटक न होता ५०० डॉलरपेक्षा कमी दंडावर मिटलेल्या वाहतूक तिकिटाचे कागद सहसा जोडावे लागत नाहीत, मात्र प्रश्नाचे उत्तर खरेच द्यावे लागते.

बऱ्याच विद्यापीठांत विद्यार्थ्यांसाठी कायदा सल्ला कार्यालय असते, त्याचे पैसे आपल्या फीमध्येच गेलेले असतात. आपल्या मुलांना बहुधा ते माहीत नसते किंवा तिथे जायला संकोच वाटतो. दंड भरण्याआधी तिकीट घेऊन तिथे जावे. नकलेची एक प्रत विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाला लागली तर द्यायला जवळ ठेवावी आणि एक इकडे घरी पाठवून द्यावी.