कडधान्ये कच्ची का खाऊ नयेत?

परवा आमच्या शिवाजी पेठेतला, तालमीत जाणारा एक अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा दवाखान्यात आला. पोट फुगते, जुलाब होतात, मेहनत करूनही वजन वाढत नाही, अशी तक्रार. चौकशी करता कळले, की दोन महिने तो रोज पहाटे मूठभर भिजवलेले सोयाबीन कच्चेच खात होता. "कच्च्यात ताकद जास्त असतीया म्हणत्यात, डॉक्टर!" हा गैरसमज अनेक घरांत आहे, म्हणून आज त्याविषयी.

खाल्लेले प्रथिन जसेच्या तसे रक्तात जात नाही. आधी त्याचे बारीक तुकडे व्हावे लागतात. हे काम विकरे, म्हणजे एन्झाइम्स करतात. स्वादुपिंडातून येणारे ट्रिप्सिन हे त्यांतले एक महत्त्वाचे विकर. कडधान्यांत, विशेषतः सोयाबीनमध्ये, या ट्रिप्सिनला चिकटून त्याचे काम थांबवणारे एक प्रथिन असते. त्याला ट्रिप्सिन-रोधक म्हणतात. किडीपासून बी वाचावे म्हणून निसर्गाने केलेली ही सोय. पण आपल्या पोटात तीच अडचण ठरते.

या रोधकांवर आपल्याकडे डॉ. कमला सोहोनी यांनी काम केले. लेखिका दुर्गाबाई भागवत यांच्या त्या भगिनी. वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी असते हे दाखवून त्यांनी १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी गरिबांच्या ताटातली कडधान्ये तपासली.

हा रोधक ओळखायचा कसा? दोन परीक्षानळ्यांत दुधातले केसीन हे प्रथिन घ्यायचे. दोन्हींत ट्रिप्सिन घालायचे. एकीत मात्र कच्च्या कडधान्याचा अर्कही मिसळायचा. अर्काच्या नळीत केसीन कमी फुटले, तर रोधक आहे असे समजायचे. अर्क चांगला उकळून घेतला, की हा फरक बराच कमी होतो. म्हणजे उष्णतेने रोधक निकामी होतो. आपल्या आयाबाया उसळ शिजवूनच वाढतात, त्यामागचे शास्त्र हेच.

हा रोधक बनवण्याची आज्ञा बियातल्या जनुकात असते. हे जनुक निकामी असलेले सोयाबीनचे वाणही इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेने काढले आहे. पण आपल्या घरी उपाय सोपा आहे.

१. सोयाबीन रात्रभर भिजवा, पाणी फेका व कुकरमध्ये मऊ शिजवा. पीठ करायचे तर आधी उकळून, वाळवून मग दळा.

२. मूग-मटकीला मोड आणल्याने रोधक काहीसा घटतो, संपत नाही. शिवाय मोडांच्या उबेत जंतूही वाढतात. म्हणून मोड वाफवून खा.

३. राजमा अर्धकच्चा मुळीच खाऊ नका. त्यातल्या दुसऱ्या एका प्रथिनामुळे काही तासांतच जोराच्या उलट्या होतात.

४. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे.

त्या मुलाला मी महागडा डबा लिहून दिला नाही. शिजवलेली उसळ, भाकरी आणि दूध एवढेच सांगितले. आठवड्यात पोट ताळ्यावर आले. वजनाला वेळ लागेल; पण खाल्लेले आता अंगी तरी लागेल.