पानाला फूल, तेही रात्री नऊनंतर!

'आज आमच्याकडे ब्रह्मकमळ उमलणार, रात्री दहाला या!' पावसाळ्यात यवतमाळच्या कॉलनीत असा निरोप आला की पायात चपला सरकवून निघायचंच. आठ-नऊला पाकळ्या सुटायला लागतात, मध्यरात्रीपर्यंत पंजाएवढं पांढरंशुभ्र फूल पूर्ण उमलतं, घरभर घमघमाट सुटतो आणि पहाटे ते मान टाकतं. एवढा सोहळा करणाऱ्या झाडाचे लाड मात्र जवळपास शून्य!

हे कमळ नाहीच, चक्क निवडुंग आहे. मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला, जंगलात झाडांच्या फांद्यांवर वाढणारा. हिमालयातलं ब्रह्मकमळ, म्हणजे उत्तराखंडचं राज्यफूल, ते वेगळं, सूर्यफुलाच्या कुळातलं. आपण ज्याला पान समजतो ते याचं चपटं झालेलं खोड. म्हणून तर 'पानाच्या' कडेला कळी फुटते!

आपल्याकडे खरी अडचण मातीची. कापसाला मानवणारी काळी माती या कुंडीत अजिबात नको. ती पाणी धरून ठेवते, मुळं कुजतात. वाळली की आवळते आणि भेगाळते. फांदीच्या बेचक्यात साचलेल्या पाचोळ्यावर जगणारं हे झाड. त्याला कुजलेला पालापाचोळा, नारळाच्या शेंड्यांचा भुसा, थोडी वाळू आणि मूठभर जुनं शेणखत द्या. कुंडी लहानच बरी. मुळं जरा दाटली की फुलं चांगली येतात.

मे महिन्यात पारा 45 अंशांकडे धावतो, तेव्हा कुंडी घरात पूर्वेच्या खिडकीशी हवी. पश्चिमेच्या उन्हात पानं करपतात. कूलरचा गारवा चालेल, थेट झोत नको. बोट दोन पेरं मातीत खुपसा. कोरडं लागलं तरच पाणी. हिवाळ्यात त्याहून कमी.

कळी दिसली की कुंडी जागची हलवू नका, कळ्या गळतात. आणि रोज संध्याकाळी नीट बघा: खाली लोंबणाऱ्या कळीचा लांब देठ वर वळतो, कळी टम्म फुगते, टोक जरासं सैल होतं. झालं, आज रात्रीचे बेत रद्द!

फुलाचा हा पांढरा रंग आणि वास रात्री उडणाऱ्या पतंगांसाठी. केरळात याला निशागंधी म्हणतात. तिरुवनंतपुरमच्या प्रसिद्ध खुल्या रंगमंचालाही हेच नाव आहे.

कधी एकाच रात्री शेजारच्या चार घरीही फुलं येतात. हवा सगळ्यांची एकच, आणि झाडंही बहुधा एकमेकांकडून पान नेऊन लावलेली, म्हणजे मुळात एकाच झाडाची. तेव्हा बघायला गेलात की एक पान हक्कानं मागा. तीन-चार दिवस सावलीत ठेवून कापलेली कड सुकू द्या, मग मातीत खोचा. फूल यायला दोन-तीन वर्षं लागतील.