गोल्डच्या आधीची अकरा वर्षं

लातूर असो की नांदेड, दहावी आली की घरात एक सीन ठरलेलाच. बॅट, रॅकेट, स्केट्स माळ्यावर आणि क्लासची बॅग खांद्यावर. ‘आधी नीट काढ, मग बघू खेळाचं!’ ‘लातूर पॅटर्न’च्या भागात राहून हे चूक आहे असं म्हणायची माझीही हिंमत नाही. पण आज एका मुलीची गोष्ट सांगते. तिचं गावही आपल्यासारखंच, ऊस-साखरेच्या पट्ट्यातलं. ऋतुजा भोसले, श्रीरामपूरची.

30 सप्टेंबर 2023. हांगझोऊची आशियाई स्पर्धा, टेनिस मिश्र दुहेरीची फायनल. जोडीला 43 वर्षांचा रोहन बोपण्णा, समोर चायनीज तैपेईची जोडी. पहिला सेट 2-6 असा गेला. दुसरा 6-3 घेतला. मग दहा पॉइंटांचा सुपर टायब्रेक, तोही 10-4 असा खिशात. गोल्ड! त्या दिवशी अनेकांच्या स्टेटसला ऋतुजा होती. त्याआधीची वर्षं मात्र कुणाच्या स्टेटसला नव्हती.

ऋतुजाचा जन्म 1996 चा, वडील पोलीस खात्यात अधिकारी. 2012 मध्ये, म्हणजे आपण बोर्डाच्या टेन्शनमध्ये असतो त्या वयात, ती भारताच्या फेड कप संघात आली. आता हिची गाडी सुसाट सुटणार, असं वाटेल ना? टेनिसमध्ये तसं होत नाही. क्रिकेटसारखं इथे बोर्ड नाही, करार नाही. छोट्या आयटीएफ स्पर्धांपासून सुरुवात करायची. आज या देशात, पुढच्या आठवड्यात त्या देशात. तिकीट, हॉटेल, कोच, फिजिओ, सगळा खर्च आपला. पहिल्याच फेरीत हरलात तर बक्षिसाच्या पैशात प्रवासही निघत नाही. बरं, मिळवलेले पॉइंट 52 आठवड्यांनी गळून पडतात, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून कमवा. ग्रँड स्लॅमच्या मुख्य फेरीत एकेरीत थेट प्रवेश साधारण पहिल्या शंभरातल्यांना. ऋतुजा तिथवर पोहोचली नाही.

मधल्या काळात तिने अमेरिकेचा रस्ता धरला. टेक्सास ए अँड एम युनिव्हर्सिटीकडून कॉलेज टेनिस. तिकडे कॉलेजच्या टीमला कोच, जिम, मॅचेस सगळं मिळतं आणि शिक्षणही होतं. खेळ की अभ्यास, हा आपल्या घरातला वाद तिथे बराचसा मिटतो. परत येऊन पुन्हा प्रो सर्किट. मार्च 2020 मध्ये दुबईत भारत पहिल्यांदाच फेड कपच्या प्ले-ऑफला पात्र ठरला, त्या संघात ती होती. पाठोपाठ कोरोना आला आणि टेनिसच थांबलं.

गोल्डच्या साधारण वर्षभर आधी तर टेनिस सोडावं, असं तिच्या मनात आलं होतं. नवरा स्वप्नील गुगळे स्वतः क्रिकेटर, 2016 च्या रणजीत महाराष्ट्राकडून नाबाद 351 करणारा. इतक्यात थांबू नकोस, अजून थोडं खेळून बघ, असं त्याने समजावलं. ती थांबली नाही. तेव्हा थांबली असती तर ‘एवढा खर्च केला, काय मिळालं?’ असं म्हणणारे आपल्यातलेच निघाले असते.

हे वाचून सगळ्यांनी क्लास सोडून कोर्टवर पळा, असं मी म्हणत नाहीये. घरचे चिडतील, आणि खर्चाचा हिशोब त्यांनाच करायचा असतो. पण खेळ म्हणजे वाया गेलेला वेळ, हेही खरं नाही. आपल्याकडे पात्र खेळाडूंना दहावी-बारावीत ग्रेस मार्क मिळतात, सरकारी नोकरीत 5 टक्के आरक्षण आहे. आधी माहिती तर काढा!

आणि हो, परीक्षा संपली की माळ्यावरची रॅकेट तेवढी खाली काढा. निदान तिच्यावरची धूळ तरी झटका.