शेमा
ज्यू धर्मात रोज सकाळी व रात्री उच्चारले जाणारे श्रद्धावचन. ‘शेमा’ म्हणजे ‘ऐक’. ईश्वराचे एकत्व इस्राएलला सांगणाऱ्या वचनाचा हा पहिला हिब्रू शब्द होय. जुन्या करारातील ‘अनुवाद’ (6 : 4–9, 11 : 13–21) व ‘गणना’ (15 : 37–41) या ग्रंथांतील तीन उतारे मिळून शेमा होतो. पहिले वचन म्हणताना उजव्या हाताने डोळे झाकण्याची प्रथा आहे.

शेमा ही याचना नव्हे. ती त्यानंतर उभ्याने म्हणावयाच्या ‘आमीदा’ प्रार्थनेत येते. इ. स. सु. 200 मध्ये संकलित झालेल्या मिश्ना ग्रंथानुसार शेमाच्या पठनात माणूस प्रथम ईश्वराच्या राज्याचे व नंतर त्याच्या आज्ञांचे जू स्वीकारतो. ही निष्ठा एकदाच पत्करून भागत नाही. मूळ उताऱ्यात आज्ञा ‘आज’ दिल्याचे म्हटले आहे. त्यावरून ‘सिफ्रे’ या भाष्यग्रंथाने ती जुन्या फर्मानासारखी न मानता नुकत्याच आलेल्या फर्मानासारखी स्वीकारावी, असा अर्थ लावला.

नित्य पठन यांत्रिक होण्याचा धोका असतो. केवळ ठरीव काम म्हणून केलेली प्रार्थना ही खरी विनवणी नव्हे, असे मत रब्बी एलीएझर यांच्या नावे मिश्नात आढळते. मायमॉनिडीझ या बाराव्या शतकातील तत्त्वज्ञाने चित्ताच्या एकाग्रतेस (‘कव्वाना’) प्रार्थनेचा प्राण मानले. तथापि मन लागत नाही म्हणून नियत वेळ टाळण्यास परंपरेची संमती नाही.

या दोन्ही अंगांचे महत्त्व महाराष्ट्रातील बेने इस्राएल समाजाच्या इतिहासात दिसते. कोकणात तेल गाळण्याचा व्यवसाय करणारे व शब्बाथ पाळणारे हे लोक ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखले जात. धर्मग्रंथांच्या अभावी त्यांच्या बहुतेक हिब्रू प्रार्थना लुप्त झाल्या. शेमाचे पहिले वचन मात्र टिकले आणि सुंता, विवाह व मृत्यू या प्रसंगी म्हटले जाई. सामुदायिक उपासनेस परंपरेने दहा प्रौढ पुरुष लागतात; शेमा एकट्यालाही म्हणता येतो. सॅम्युएल ईझिकेल दिवेकर यांनी 1796 मध्ये मुंबईत समाजाचे पहिले सिनॅगॉग बांधले. पुढे जोसेफ ईझिकेल राजपूरकर (1834–1905) यांनी प्रार्थनाग्रंथांची मराठी भाषांतरे केली आणि पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या उच्चारास मातृभाषेतील अर्थाची जोड मिळाली. 1948 नंतर बहुसंख्य बेने इस्राएल इझ्राएलला गेले. महाराष्ट्रात उरलेल्या कुटुंबांत हे पठन चालू आहे.