फुफ्फुस सुरू होतं तिथं जर्नल संपतं

येत्या १७ नोव्हेंबरला मुदतपूर्व जन्माबद्दलचा जागतिक दिवस आहे. काचेच्या पेटीतल्या बाळांचे फोटो सगळीकडे झळकतील. ही बाळं धापा का टाकतात, हे शिकवण्याची आपली पद्धत मात्र अर्धवट आहे.

बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला कोंबडीच्या गर्भाच्या तयार स्लाइड्स असतात: २४, ३३, ४८, ७२ तासांच्या. पोरं जर्नलमध्ये पेन्सिलीनं आकृती काढतात, सही घेतात आणि सुटतात. पचनमार्गाच्या पुढच्या टोकाशी, पोटाकडच्या भिंतीतून फुफ्फुसाचा अंकुर फुटतो तोच मुळी तिसऱ्या दिवसाच्या आसपास! माणसात हेच चौथ्या आठवड्यात घडतं. इथवर कोंबडी चांगली शिक्षिका आहे. पुढं तिची वाट वेगळी होते. पक्ष्याच्या फुफ्फुसात हवा बारीक नळ्यांतून एकाच दिशेनं आरपार जाते. आपल्यासारखे वायुकोश तिथं नसतातच. हे वर्गात सांगितलं जात नाही.

फांद्या कशा फुटतात ते उंदरानं शिकवलं. एफजीएफ-१० हा एक जनुक काढून टाकला, की उंदराच्या गर्भात श्वासनलिका तयार होते, फुफ्फुसं होत नाहीत. २००८ मध्ये संशोधक क्रॅस्नो यांच्या गटानं दाखवलं, की हे सगळं गुंतागुंतीचं झाड फांदी फोडण्याच्या अवघ्या तीन तऱ्हांतून उभं राहतं.

पण माझं माप मेंढीच्या पदरात. मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ मध्ये दाखवून दिलं होतं, की धापा टाकून दगावणाऱ्या बाळांच्या फुफ्फुसात सर्फॅक्टंट कमी असतं. ते नसेल तर वायुकोश श्वास सोडताच मिटतात. ऑकलंडचे प्रसूतितज्ज्ञ ग्रॅहॅम लिगिन्स यांना फुफ्फुसाशी कर्तव्यच नव्हतं. कळा कशानं सुरू होतात ते ते मेंढ्यांवर शोधत होते. पोटातल्या कोकरांना त्यांनी स्टेरॉइड दिलं. इतक्या लवकर जन्मलेलं कोकरू जगायला नको होतं, पण त्यातलं एक कोकरू श्वास घेत राहिलं. फुफ्फुस वेळेआधी पिकलं होतं. लिगिन्स आणि बालरोगतज्ज्ञ रॉस हॉवी यांची मातांवरची चाचणी १९७२ मध्ये प्रसिद्ध झाली. आज आपल्या सरकारी दवाखान्यांतही वेळेआधी कळा आलेल्या बाईला डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड टोचतात, त्याचं मूळ हे.

मेंढी वर्गात आणायची का? मुळीच नको. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१४ मध्ये प्राणिशास्त्रातलं विच्छेदन थांबवायला सांगितलं, ते योग्यच झालं. पण त्या जागी नुसत्या जुन्या स्लाइड्स आणि तक्ते ठेवणं हा आळस आहे. लिगिन्सचा प्रयोग आकडे देऊन वर्गात सोडवून घेता येतो. आणि कोंबडीचा गर्भ पाहायला अंडं फोडायचीही गरज नाही. अंधाऱ्या खोलीत विजेरीवर धरलं, की कवचाआतलं रक्तवाहिन्यांचं जाळं दिसतं. जवळपास सगळा काळ पिल्लाला प्राणवायू त्यातूनच मिळतो. एकोणिसाव्या-विसाव्या दिवशी पिल्लू अंड्यातल्या हवेच्या पोकळीत चोच घुसवतं आणि फुफ्फुसानं श्वास घेऊ लागतं. कवच तडकण्याआधीच आतून चिवचिव ऐकू येते. जर्नलमध्ये या दिवसासाठी एक पान हवं, आणि त्यावर आकृतीऐवजी पोरांनी स्वतः टिपलेल्या वेळा.